नंबर एक कोणता?

बीबीसी रेडिओ ३ वर 'रेकॉर्ड रिव्ह्यू' नावाचा कार्यक्रम लागतो, १९५७ पासूनचा. त्यातलं 'बिल्डिंग अ लायब्ररी' हे सदर भन्नाट आहे. एकच रचना घ्यायची, तिची वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज तुकड्या-तुकड्यांनी शेजारी शेजारी ऐकवायची आणि शेवटी एक निवडायचं.

तुम्ही म्हणाल, नोटेशन एकच, मग फरक कसला पडणार? बीथोव्हनची पाचवी सिंफनी (१८०८) घ्या. सुरुवातीला चार स्वर, चौथ्यावर थांबायचं. किती? ते लिहिलेलंच नाही! फुर्टवेंग्लर तिथे चांगलाच रेंगाळतो. कार्लोस क्लायबर (व्हिएन्ना, १९७४) सुसाट सुटतो. लय तर बीथोव्हनने स्वतःच १८१७ मध्ये आकड्यात दिली, मिनिटाला १०८ ठोके. तरी कित्येक कंडक्टरांनी ती धाब्यावर बसवली. म्हणजे ड्रॉइंग एक, जॉब वेगवेगळे, आणि एकही रिजेक्ट नाही!

मग एकाला नंबर द्यायचाच कशाला? माझ्या मते द्यावाच. निकाल द्यायचा आहे म्हणूनच समीक्षकाला प्रत्येक मताला पुरावा ऐकवावा लागतो. 'दोन्ही छान' म्हणून सुटता येत नाही. आणि पुरावा आपल्याही कानावर पडलेला असतो, त्यामुळे निकाल न पटण्याचा हक्क आपल्याला मिळतो.

घोळ होतो तो नुसता निकाल उचलणाऱ्यांचा. टॉपरच्या जर्नलमधून उत्तर छापायचं आणि व्हायवात 'का?' विचारलं की ततपप! तेव्हा मित्रांनो, 'बेस्ट कोणतं?' विचारण्याआधी दोन तरी स्वतः ऐका. मग खुशाल भांडा.