बाजार आपला, यंत्रणा कोणाची?

मुलगा अभियंता झाला, आता पुढे काय? अहिल्यानगर जिल्ह्यातील मध्यमवर्गीय घरात या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : पुण्यात नोकरी, नाहीतर परदेशात एम.एस. येथेच राहून, येथल्याच प्रश्नासाठी पदव्युत्तर अध्ययन करावे, हा विचार क्वचितच कोणाच्या मनाला शिवतो. लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये असूनही ही स्थिती आहे.

ई-व्यापार म्हणजे संकेतस्थळ तयार करणे, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः खरे शास्त्र पडद्यामागे असते. शेवटची एकच वस्तू दोघांनी एकाच क्षणी मागितली, तर ती कोणाची? खात्यातून रक्कम गेली आणि मागणी नोंदण्यापूर्वीच संपर्क तुटला, तर? तोच संदेश दोनदा पोहोचला, तरी पैसे एकदाच वळते झाले पाहिजेत. हे सारे प्रगत संगणकशास्त्राचे विषय आहेत आणि त्यांना दोन वर्षांचा अभ्यास अपुराच पडावा.

आता घोडेगावच्या कांदा बाजाराकडे पाहू. व्यापारी गोणी उघडतो, कांदा हातात घेऊन पाहतो आणि बोली लावतो. दूरच्या राज्यातील खरेदीदार संगणकावर बोली लावणार असेल, तर त्याने प्रतीचा भरवसा कशावर ठेवावा? केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम सुरू केले, त्यात मालाच्या गुणवत्ता-तपासणीची तरतूद आहे. परंतु कांद्याचा आकार, ओलावा, फुटलेला कोंब हे सर्व झटपट, नि:पक्षपातीपणे आणि हमालाचे काम न अडवता मोजायचे कसे? एम.टेक.च्या प्रबंधासाठी याहून जिवंत विषय कोणता?

परकीय कंपन्यांना नुसती दूषणे देऊन भागणार नाही. २०१८ मध्ये फ्लिपकार्टची बहुसंख्य मालकी वॉलमार्टकडे गेली. ग्राहक आपला, माल आपला, प्रतिभाही आपली. नियंत्रण मात्र बाहेरचे. याउलट २०१६ मधील यूपीआयने दाखवून दिले की, सर्वांना खुली अशी स्वदेशी रचना उभी राहू शकते. तेच तत्त्व खरेदी-विक्रीला लावणारे ओएनडीसी २०२१ च्या अखेरीस स्थापन झाले. त्याची व्याप्ती यूपीआयइतकी झालेली नाही; म्हणूनच तेथे काम करण्यास वाव आहे.

हे जिल्ह्याच्या स्वभावाला नवे नाही. १९५० मध्ये लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसोबत धनंजयराव गाडगीळ हे अर्थतज्ज्ञ होते. विद्वान ग्रंथालयातून उसाच्या बांधावर आला होता. आज संगमनेरला महाविद्यालय आहे आणि बाजार समितीही आहे. एखाद्या प्राध्यापकाने चार विद्यार्थ्यांसह लिलावाच्या दिवशी तेथे पहाटे जाऊन उभे राहावे, आडत्याची पट्टी वाचावी, मापाड्याला प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रमाची मंजुरी यथावकाश येईल. त्यासाठी लिलाव थांबलेला नाही.