झुंडीचा धडा, कायद्याची मर्यादा

तंत्रज्ञानाविषयी लिहिणाऱ्या महिला पत्रकारांवर इंटरनेटवर होणारी चिखलफेक हा निव्वळ असभ्यतेचा मामला नाही, हे अमेरिकेतील २०१४ च्या ‘गेमरगेट’ प्रकरणाने दाखवून दिले. पत्रकारितेतील नीतिमत्तेचा कैवार घेतलेल्या या मोहिमेचा रोख प्रामुख्याने स्त्रियांवर राहिला. व्हिडिओ गेम उद्योगाला वाहिलेल्या ‘गामासूत्रा’मध्ये ली अलेक्झांडर यांनी या वृत्तीवर टीका करताच, झुंडीने जाहिरातदारांकडे तक्रारींचा मारा केला. ऑक्टोबरमध्ये ‘इंटेल’ने तेथील जाहिराती थांबविल्या. पुढे कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, नोव्हेंबरमध्ये जाहिराती पूर्ववत झाल्या. पण दबाव कोठे आणावा, हे झुंडीला कळून चुकले होते.

हाच कित्ता भारतात गिरवला गेल्यास कायदा कितपत उपयोगी पडेल? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, ते योग्यच झाले. त्यातील संदिग्ध शब्दांचा फास टीकाकारांच्याच गळ्याभोवती आवळला जात होता. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा मानते. मात्र त्याच्यासमोर असतो तो एकटादुकटा आरोपी. शेकडो जणांनी प्रत्येकी एकच शेरा मारला, तर खटला कोणावर भरणार?

तेव्हा पहिली कसोटी पोलिसांची नव्हे, वृत्तसंस्थांच्या मालक-संपादकांची आहे. जाहिरातदाराचा दूरध्वनी येताच ते आपल्या वार्ताहराच्या पाठीशी उभे राहिले नाहीत, तर कोणतेही कलम तिची लेखणी वाचवू शकणार नाही.