अपडेटनंतर इंटरनेट गेलं? 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' करा

रात्री लॅपटॉप अपडेट झाला आणि सकाळपासून नेट येतंय-जातंय. अशा वेळी बहुतेकजण राउटर बंद-चालू करतात, मग केबलवाल्याला फोन लावतात. पण त्याच वायफायवर घरातले मोबाइल नीट चालत असतील, तर दोष बहुधा लाइनचा नसतो.

डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटनसह युरोपात विंडोज १० वापरणाऱ्या अनेकांचं इंटरनेट असंच गेलं. तक्रारी गेल्या इंटरनेट कंपन्यांकडे. विंडोजमधली एक सेवा बंद पडत होती आणि त्यामुळे काही संगणकांना आयपी पत्ताच मिळत नव्हता. १३ डिसेंबरच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ती चूक दुरुस्त केली. पण दुरुस्ती डाउनलोड करायलाही इंटरनेटच हवं! त्यात 'होम' आवृत्तीत अपडेट लांबणीवर टाकायची सोयही तेव्हा नव्हती. कंपनीचा सल्ला होता: रीस्टार्ट करा, शट डाउन नव्हे.

फरक काय? 'फास्ट स्टार्टअप' सुरू असेल, तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उघडतो, बिघाड असेल तर बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. विंडोज ११ मध्येही हेच.

तरीही जमलं नाही, तर आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. सेटिंग्जमधून शेवटचं अपडेट काढून पाहता येतं. 'नेटवर्क रीसेट' सर्वांत शेवटी, कारण त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात. घरातली सगळीच उपकरणं अडखळत असतील, तर मात्र केबलवाल्यालाच फोन करा.