उंदराला सातबारा नसतो

मृगाचा पाऊस दणकून पडला की काळ्या रानातल्या भेगा मिटतात आणि त्या भेगांत उन्हाळा काढणारे उंदीर मोठ्या संख्येने आतच गाडले जातात. मृग कोरडा गेला की भेगा उघड्याच राहतात आणि उंदीर जगतो. मग ज्या वर्षी दुबार पेरणीची वेळ येते, त्याच वर्षी उंदीरही अंगावर येतो. कोरडवाहू शेतकऱ्याला एकाच पावसाचा मार असा दोनदा बसतो.

हा शोध आमचा नाही. दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे धारवाडच्या बाजूला, वॉल्टर एलियट नावाचा ब्रिटिश अधिकारी होता. तिथल्या प्राण्यांची त्याने केलेली यादी १८३९ साली छापली गेली. तिच्यात १८२६ सालची हकीकत आहे. सुरुवातीचा पाऊस ओढला आणि शेतातला उंदीर बेसुमार वाढला. पेरलेले बी मातीतच फस्त झाले. पुढे दाणा भरत आला तेव्हा उंदीर ज्वारीच्या ताटावर चढून कणसे तोडू लागले. शेतेच्या शेते गेली, इतकी की रयतेला सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना बोलावले, इतक्या डझनाला इतके माप धान्य असा दर ठरला. वडारांनी हजारो उंदीर मारले. तरी उंदीर कमी झाल्याचे दिसले नाही, असे एलियटने नोंदवले आहे.

हा उंदीर म्हणजे वडारांच्या बोलीतला मेट्टाड. अंगावर मऊ दाट केस, पोट फिकट, शेपूट अंगाएवढी किंवा थोडी आखूड. शास्त्रज्ञांनी त्याला मिलार्डिया मेल्टाडा म्हटले. वडारांचा शब्द एका अक्षराने बिघडवला, पण ठेवला. शास्त्राने अडाण्याकडून उसने घेतल्याचे असे उघड दाखले कमीच सापडतात.

वडार कामात कमी पडले नव्हते. कमी पडला तो हिशेब. मादी वीस-एक दिवसांत विते, एका वेताला चार-सहा पिल्ले असतात, आणि पाऊसकाळात व सुगीला खायला मुबलक असते तेव्हा वेतामागून वेत होते. अशा वेळी दहातले सात मारले तरी उरलेल्या तिघांना खाणे जास्त आणि जागा मोकळी. दुसरे असे की तुमच्या दोन एकरांतले उंदीर संपले की रिकाम्या बिळात शेजारच्या रानातला उंदीर येऊन बसतो. उंदराला सातबारा नसतो, तो बांध ओळखत नाही. नेमके पीक ऐन भरात असताना आपण एकेकटे औषधाची पुडी आणायला दुकानात जातो. त्यात दुकानदाराचा धंदा होतो, उंदराचे काही बिघडत नाही.

पुडीबद्दलही थोडे. झिंक फॉस्फाइड थोडेसे खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाकडे पुन्हा फिरकत नाही. म्हणून दोन-तीन दिवस आधी नुसते धान्य ठेवून त्याला सवय लावावी लागते. ते न करता थेट विष टाकणे म्हणजे उंदराला शहाणे करणे. रक्त गोठू न देणारी विषे हळू काम करतात, त्यामुळे त्यांचा संशय उंदराला येत नाही. पण १९५८ साली स्कॉटलंडमध्ये अशा विषाला, वॉरफरिनला, दाद न देणारे उंदीर सापडले. तो गुण पिल्लांत उतरतो. त्यामागचा जनुक २००४ साली ओळखला गेला. गुलाबी बोंडअळीने बीटीचे काय केले ते २०१७ च्या हंगामात पाहिलेल्यांना हे वेगळे समजवायला नको. शिवाय ब्रोमॅडिओलोनसारखे विष मेलेल्या उंदराच्या अंगात राहते आणि त्याला खाणाऱ्या घुबडालाही बाधते. गव्हाणी घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारायचा, धामण दिसली की ठेचायची आणि नंतर विष उधार आणायचे, हा व्यवहार आम्हाला कधीच कळलेला नाही.

आमचे म्हणणे असे. उंदीर मारायचा तर मे महिन्यात, पेरणीच्या आधी, जेव्हा रानात खायला नसते आणि त्यांची संख्या कमी असते. आणि तो एकाच आठवड्यात सगळ्या शिवारात, गायरान आणि ओढ्याच्या काठासकट. पत्रकांत 'जिवंत बिळे शोधा' असे असते, ते ओलिताच्या रानातल्या काळ्या उंदराला ठीक आहे. तो मोठे बीळ करतो, तोंडाशी मातीचा ढीग टाकतो, आत कणसे साठवतो. मेट्टाड बीळ धड करतच नाही. तो बांधावरच्या दगडांच्या ढिगाखाली, झुडपाच्या मुळाशी, पऱ्हाटीच्या गंजीखाली बसतो. तिथे आधी हात घाला. पऱ्हाटी शेतात रचून ठेवणाराने बोंडअळी आणि उंदीर दोघांनाही घर बांधून दिलेले असते.

विष वापरायचेच ठरले तर ते गावाने एका जागी, एका जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवावे. घरोघरी पुड्या नकोत. मेलेल्या उंदराला उघडा हात लावू नये, खोल पुरावा. उंदीर थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे अंग शोधतात. १९९४ साली बीड जिल्ह्यात प्लेगचे रुग्ण निघाले होते, हे लक्षात असू द्या. आणि कुठे कारण नसताना उंदीर आपोआप पटापट मरून पडलेले दिसले, तर विषाचे काम थांबवून आधी आरोग्य केंद्राला कळवा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात: बांधावरचे दगडांचे ढीग किती, शेतात उभ्या असलेल्या पऱ्हाटीच्या गंज्या किती, आणि पडीक जमीन कोणाकोणाची. गावाबाहेर राहणाऱ्या जमीनमालकांची नावे वेगळी काढा. त्यांच्या रानाचे काय करायचे, हा बैठकीतला पहिला विषय राहील.