इंजिनाचे निदान कोणाच्या हाती?

बीड शहराला रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला आगगाडीसाठी इतकी वर्षे वाट पाहावी लागली, त्या जिल्ह्यात मोटारसायकल ही चैनीची वस्तू आहे असे म्हणणाऱ्याने पाटोदा, शिरूर कासार, धारूर या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील वाड्यावस्त्या पाहिलेल्या नाहीत, एवढेच म्हणता येईल. दवाखाना, आठवड्याचा बाजार, तालुक्याची कचेरी, आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या माणसांचा मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी उरलेला संबंध, हे सारे आज या दोन चाकांवर चालते. बैल बसला की शेतकऱ्याचे घर बसते, हे आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. इंजिन बसले की काय होते, याचा विचार मात्र अर्थशास्त्राने फारसा केला नाही, आणि समाजवादी चळवळीनेही केला नाही.

एक नेहमी घडणारा प्रसंग घ्यावा. शंभर सी.सी.ची, दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी. ऑइल बदलण्याची वेळ कधीच टळून गेलेली. कारण उचलीच्या हिशेबात तेवढे पैसे बसले नाहीत. मांजरसुंब्याच्या चढावर दोन माणसे आणि एक पोते घेऊन जाताना गाडीचा दम तुटतो, मागे निळसर धूर सुटतो आणि खालून ठोके ऐकू येऊ लागतात. दुसऱ्या दिवशी किक मारून पाय दुखतो, पण गाडी सुरू होत नाही. गॅरेजवाल्यापुढे प्रश्न उभा राहतो तो हा की, इंजिन खोलायचे की नाही. खोलण्याची मजुरी, नवी गॅस्केटे आणि गाडीवाचून बुडालेले दिवस हा खर्च, निदान चुकले तरी, गाडीवाल्यालाच सोसावा लागतो.

चांगला कारागीर पाना उचलण्याआधी प्रश्न विचारतो. ऑइल केव्हा बदलले? धूर केव्हा येतो? रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना धुराचा एक झोत येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. चढावर, ओझ्याखाली धूर सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजला असे तो समजतो. मग तो प्लग काढून पाहतो. काळा, तेलकट प्लग ऑइल जळत असल्याची खूण सांगतो, तर पांढराफटक प्लग इंजिन अति तापत असल्याची. नंतर प्लगच्या भोकात गेज लावून तो कॉम्प्रेशनचा दाब मोजतो. दाब कमी आला, तर त्याच भोकातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आता दाब चढला, तर गळती रिंगांपाशी आहे. कारण ऑइलने ती फट घटकाभर बुजवलेली असते. दाब चढला नाही, तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये. आवाजासाठी तो लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो. वरची टिकटिक टॅपेटची, बाजूची खरखर टायमिंग चेनची, आणि खालचा जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. काढलेल्या ऑइलमध्ये धातूची चकाकी दिसली, की शंका उरत नाही. इंजिन खोलावेच लागते.

अनेक शक्यता मांडायच्या, प्रत्येकीला स्वस्तातली कसोटी लावायची, आणि खर्चाचे पाऊल सर्वांत शेवटी टाकायचे, ही शास्त्रीय पद्धत नव्हे तर दुसरे काय आहे? ज्याच्या हाती ती आहे त्याच्याजवळ बहुधा पदवी नसते, म्हणून समाज त्याला शास्त्र म्हणत नाही, इतकेच. दुरुस्तीचेही तसेच. बोअर पाव मिलिमीटरने मोठा करून त्यात त्या मापाचा पिस्टन बसवायचा, आणि पुढे झीज झाली की आणखी पाव मिलिमीटर. अशा रीतीने पुष्कळशा जुन्या इंजिनांना तीन-चार वेळा नवे आयुष्य देता येते. या कामाची मजुरी तालुक्यातच राहते. नवी गाडी घेतली तर तिची किंमत आणि कर्जाचे व्याज जिल्ह्याबाहेर जाते. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात नव्या गाडीची विक्री ठळक उठून दिसते आणि वाचवलेल्या इंजिनाची जेमतेम नोंद होते. ज्या हिशेबात मोडणे हे जपण्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते, त्या हिशेबाकडे श्रमिकांच्या पक्षाने संशयानेच पाहिले पाहिजे.

मात्र ही दुरुस्ती शक्य होते ती सिलिंडरला ओतीव लोखंडाची स्लीव्ह असते म्हणून. काही नव्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर कठीण लेप दिलेला असतो. त्याचा बोअर तालुक्याच्या यंत्रावर वाढवता येत नाही, सबंध सिलिंडरच बदलावा लागतो. म्हणजे दुरुस्तीचा निर्णय गॅरेजात होण्याआधी कारखान्याच्या आराखड्यात झालेला असतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. कार्ब्युरेटर बहुतेक गेला आणि इंधन मोजून सोडणारी, संगणकाने चालणारी यंत्रणा आली. हे निकष योग्यच आहेत. विषारी धूर सर्वांआधी गरिबाच्याच फुप्फुसात जातो. प्रश्न निकषांचा नाही, कुलपाचा आहे. रिंगा आजही झिजतात आणि बेअरिंग आजही ठोके देते. परंतु गाडी बंद का पडली याचे अर्धे उत्तर आता संगणकात साठवलेले असते आणि ते वाचण्यासाठी स्कॅनर लागतो. बाजारात मिळणारा स्कॅनर प्रत्येक कंपनीच्या गाडीचे सर्व काही वाचू शकत नाही. पूर्ण माहिती कंपनीच्या अधिकृत केंद्राजवळ. मग गावातला कारागीर अंदाजाने एकामागून एक सेन्सर बदलतो, आणि त्या अंदाजाची किंमत ऊसतोड कामगार भरतो.

ही मक्तेदारी काल्पनिक नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दोषी धरून दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण तत्त्व मांडले गेले ते गेलेच. तो खटला चारचाकींचा होता. दुचाकीवाल्यांसाठी एवढा झगडा कोणी केला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहने आणि शेतीची अवजारे घेतली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू झाले. पोर्टलवर माहिती देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले, की कायद्याची धार जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ मध्येच केला. युरोपीय संघाने घरगुती उपकरणे आणि मोबाइल यांच्यासाठी दुरुस्तीचा निर्देश २०२४ मध्ये काढला. भांडवलशाहीची माहेरघरे जे मान्य करतात, ते मागताना आपण संकोचण्याचे कारण नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला होता. यंत्र लहान असले तरी त्याची किल्ली दूरच्या कंपनीच्या खिशात असेल, तर विकेंद्रीकरण होत नाही, हा त्या विचाराचा आजचा अर्थ आहे.

यात बीडच्या वाट्याला आलेला एक विशेष उपरोध आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारने २०२५ मध्ये गाठले. या इथेनॉलचा मोठा वाटा उसातून येतो, आणि तो ऊस तोडणाऱ्या कोयत्यांपैकी फार मोठी संख्या याच जिल्ह्यातून जाते. जुन्या दुचाकींचे मायलेज त्यामुळे तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. काही जुन्या गाड्यांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केटे बदलावी लागतील, हेही पेट्रोलियम मंत्रालयाने मान्य केले आहे. हा खर्च किरकोळ आहे, असे मंत्रालय म्हणते. ज्याने घामाने ते इंधन पिकवले, त्याच्याच जुन्या गाडीवर तो पडतो, आणि किरकोळ कशाला म्हणावे हे त्याला कोणी विचारलेले नाही.

तथापि गॅरेजवाल्याला देवत्व देण्याचेही कारण नाही. रस्त्याकडेच्या कित्येक गॅरेजांत आजही शाळेत असायला हवा असा पोरगा पाने पुसतो. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास २०१६ च्या दुरुस्तीने काही अपवाद वगळता बंदी झाली, तरी ‘बारक्या’ हटलेला नाही. जळके ऑइल ओढ्यात जाते. नकली भाग खरे म्हणून खपतात, आणि कसोटी न लावता इंजिन खोलणारेही आहेत. कंपन्या याच उणिवांवर बोट ठेवून आपले कुलूप घट्ट करतात. म्हणून हक्काची मागणी आणि सुधारणेची जबाबदारी या दोन्ही एकत्रच उचलल्या पाहिजेत.

त्यासाठी करावयाची कामे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातली आहेत. तालुक्यातील दुचाकी कारागिरांची यादी करून १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली त्यांची संस्था उभारावी. चांगला स्कॅनर, बोअरिंगचे यंत्र आणि जुने ऑइल गोळा करण्याची टाकी ही तिची सामायिक मालमत्ता असावी. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी नव्या यंत्रणेचे संध्याकाळचे वर्ग मराठीतून घ्यावेत, आणि पदवी नसलेल्या जुन्या कारागिराची परीक्षा त्याच्या हातावरून घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यावे. निदानाची माहिती आणि सुटे भाग वाजवी किमतीत खुल्या बाजारात देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक व्हावे, ही मागणी लोकसभेत पोहोचेपर्यंत पक्षाने रेटावी.

संघटित कामगारांच्या वेतनकरारांत आपली शक्ती खर्ची पडली. झाडाखाली फळी टाकून बसलेला फिटर आपल्या नजरेत कामगार म्हणून भरलाच नाही. तो मालक नाही आणि नोकरही नाही, म्हणून आपल्या कोष्टकात त्याला जागा मिळाली नाही. पुढच्या दसऱ्याला ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतील, त्याआधी निदान एका तालुक्यात अशी संस्था उभी राहावी. चढावर बंद पडलेल्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाला समाजवाद काय देतो, याचे उत्तर तेथूनच सुरू होईल.