दाखलखारीज रजिस्टरच्या पुढचं पान

माननीय संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक), वाशीम यांस,



कारंजा लाडच्या शाळेत शिकून पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या हजारोंपैकी मी एक. आपल्याकडे एकच मागणी आहे: शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवा.

आपल्या दप्तरातलं दाखलखारीज रजिस्टर उघडून पाहा. लांबलचक आडवं पान, त्यावर नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा. शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. कारण दोन-तीन शब्दांत उरकलेलं असतं: ‘दहावी उत्तीर्ण’, ‘पालकांची बदली’, ‘सतत गैरहजर’. तिथे शाळेचं आणि त्या मुलाचं नातं कागदावर संपतं. पुढे कधी जातपडताळणीसाठी नातू आजोबांचा दाखला शोधत आला, तर ते पान पुन्हा उघडतं.

हे कारंज्यात व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. शिष्यांची नावं लिहून ठेवण्याची या गावाला जुनी सवय आहे. सेनगण, बलात्कार गण आणि काष्ठासंघ अशी जैन भट्टारकांची, म्हणजे धर्मगुरूंची, तीन पीठं इथे होती. त्यांच्या मंदिरांतल्या शास्त्रभांडारांत पोथ्या जपल्या गेल्या. पोथी नकलून झाली की शेवटी प्रशस्ती लिहायची रीत होती: संवत, गाव, गुरूंची परंपरा, कोणासाठी नक्कल केली, कोणी केली. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 मध्ये मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या पोथ्या आहेत. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी कारंजा ग्रंथमाला चालवली. अपभ्रंश कवी पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांच्या संपादनाने तीत 1931 मध्ये आलं, ‘णायकुमारचरिउ’ 1933 मध्ये. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासकांना आपल्या गावाचं नाव माहीत झालं ते या पुस्तकांमुळे. विद्याधर जोहरापूरकरांनी 1958 मध्ये ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा कित्येक शतकांच्या गुरुशिष्यांची परंपरा त्यांना लावता आली, कारण त्या त्या काळी कोणीतरी प्रशस्त्या आणि मूर्तिलेख लिहून ठेवले होते. तीन-चारशे वर्षांपूर्वीचा शिष्य आपल्याला नावानिशी सापडतो. 1990 च्या सुमारास दहावी झालेली मुलगी सापडत नाही.

एका गावातल्या शाळेचं काम कुठवर पोचतं, याचाही दाखला इथलाच आहे. श्री महावीर ब्रह्मचर्याश्रम 1918 मध्ये कारंज्यात सुरू झाला. तो सुरू करणारे देवचंद, म्हणजेच पुढचे मुनी समंतभद्र, यांनी 1934 मध्ये कोल्हापूरकडे कुंभोजजवळ बाहुबलीला गुरुकुल काढलं. वऱ्हाडातल्या कापसाच्या पेठेत रुजलेली कल्पना दक्षिण महाराष्ट्रात गेली. असा अभिमान वाटण्यासारखा इतिहास गावात असताना आमच्या मुलांना शाळेचा अभिमान कशावरून वाटतो? जूनमध्ये चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवरून. त्यावर पंच्याण्णव टक्केवाले, नीटमध्ये नंबर लागलेले, एखादा स्पर्धा परीक्षेतून अधिकारी झालेला. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, त्यांनी कष्ट केले आहेत. पण त्या बॅचमधली बाकीची मुलं कुठे गेली?

ती एसटीत वाहक आहेत, बाजार समितीत अडत्याकडे मेहता आहेत, जिनिंगमध्ये फिटर आहेत, अमरावतीच्या दवाखान्यात परिचारिका आहेत, पुण्याजवळ चाकणला कारखान्यात पाळी करतात, घरची कोरडवाहू शेती सांभाळतात. कामरगाव, धनज, उंबर्डा बाजार, पोहा इथून एसटीने शाळेत येणारी मुलगी सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला जाते. तिला डॉक्टर आणि इंजिनियर हे दोन शब्द ठाऊक असतात. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायला काय शिकावं लागतं, ड्रोनने फवारणी करणारा किती कमावतो, आयटीआयचा कोणता ट्रेड घेतला तर हाताला काम मिळतं, हे तिला कोणी सांगत नाही. ते सांगू शकणारे लोक तिच्याच बाकावर बसून गेलेले आहेत.

माजी विद्यार्थ्यांची स्नेहमिलनं होतात, हे मला माहीत आहे. मीही जातो. तिथे कोण येतं तेही दिसतं. बरी नोकरी असलेले येतात, नापास झालेले येत नाहीत. मुली फार थोड्या येतात. लग्नानंतर नाव बदललं, गाव बदललं, मोबाइल नंबर घरच्यांच्या हातात. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये त्यांना आणायचं कोणी? निम्मा वर्ग असा पुसला गेला आहे. खरं तर त्यांना शोधणं सोपं आहे, कारण त्यांच्या माहेरची दारं अजून गावातच आहेत. शाळेने विचारलं तर आई-भाऊ सांगतील. आम्ही विचारलं तर संशय येतो.

सरकारी योजनांत माजी विद्यार्थ्याची आठवण आहे. केंद्राच्या विद्यांजली योजनेत 2021 पासून वस्तूंसोबत वेळ आणि कौशल्य देण्याचीही सोय आहे. राज्याने 2023 मध्ये दत्तक शाळा योजना आणली, तीत मोठी मदत करणाऱ्याचं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. प्रत्यक्षात आम्हाला फोन येतो तो प्रोजेक्टर, कंपाउंड किंवा पाण्याच्या टाकीसाठी. आम्ही देतो आणि देत राहू. पण ज्याच्या खिशात फक्त अनुभव आहे, त्यालाही शाळेने बोलवायला हवं.

वाशीम 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. आमच्या मुलांच्या कानावर ‘मागास’ हा शब्द सारखा पडतो. समृद्धी महामार्ग गावाजवळून गेला. त्यावरून बाहेर जाणं सोपं झालं आहे, शनिवार-रविवारी परत येऊन नववीच्या वर्गाशी तासभर बोलणंही तेवढंच सोपं झालं आहे. आपण बोलवा.

काम मोठं नाही. बॅचवार एक वही. त्या त्या बॅचमधला एक मुलगा, एक मुलगी जबाबदार. नाव, माहेरचं नाव, सध्याचं गाव, काम, तिथवर कसे पोचलात याच्या चार ओळी. माहिती देणाऱ्याची संमती घ्यावी, फोन नंबर कार्यालयाबाहेर जाऊ नये. शिक्षणाधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढलं तर तालुक्यातल्या सगळ्या शाळा, अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्याही, एकाच नमुन्यात हे करू शकतील. वर्गशिक्षकांवर आधीच कागदांचा ढीग आहे, म्हणून लिहिण्याचं काम आम्हा माजी विद्यार्थ्यांवर सोपवा. आपण फक्त जुनी रजिस्टरं पाहू द्या आणि शाळेचा शिक्का द्या.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतील. त्याआधी पहिली वही सुरू करा, आणि तिच्यात सर्वांत आधी ‘सतत गैरहजर’ असा शेरा मिळालेल्यांची नावं घ्या.

आपला,
कारंज्याच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी