घाटावर एक माणूस कोरडा हवा

पंचांगात वसंतपंचमी उजाडली म्हणून निफाडकर स्वेटर पेटीत ठेवत नाहीत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात राज्यातील नीचांकी तापमानाची नोंद व्हावी, ही येथील हिवाळ्याची जुनी ओळख आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तर तेथील पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. माघात दुपारचे ऊन चटका देऊ लागते, पहाट मात्र पौषाचीच राहते. आणि नेमके याच दिवसांत पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंतचे माघस्नान असते, पाठोपाठ महाशिवरात्र येते. चांदोरी-सायखेड्याच्या घाटावर किंवा थेट नाशिकला रामकुंडावर जाऊन डुबकी घ्यायची, हा घरातील आजी-आजोबांचा आग्रह आपणांस परिचित असेल. त्या आग्रहाशी येथे वाद घालावयाचा नाही. ज्यांनी पन्नास वर्षे हे स्नान केले त्यांना ते एकाएकी बंद करा म्हणणे हे औषधापेक्षा कडू ठरते. ते कसे करावे आणि त्या वेळी आपण कोठे उभे राहावे, एवढेच पाहू.

प्रथम एक भ्रम दूर करू. नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यावर पहाटे वाफ तरंगताना दिसते. हात बुडवला तर पाणी चक्क ऊन लागते. हवा पाच-सहा अंशांवर असते आणि पाणी त्याहून बरेच उबदार असते, कारण पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. परंतु आपले शरीर सदतीस अंशांचे आहे, आणि पाणी शरीराची ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. हाताच्या पंजाला ऊन भासलेले तेच पाणी छातीला लागते तेव्हा गोष्ट निराळी होते.

एकाएकी गार पाण्यात शिरल्यावर माणसाच्या तोंडून ‘हूऽऽ’ असा उद्गार निघतो. तो उद्गार आपण काढीत नाही, तो निघतो. त्वचेला थंडीचा आघात बसताच श्वास आपोआप खोल आत ओढला जातो, मग धाप लागते, नाडी धावू लागते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. यासाठी बर्फच लागतो असे नाही. पंचवीस अंशांखालच्या पाण्यात याची सुरुवात होते, आणि पाणी दहा ते पंधरा अंशांवर आले की आघात पूर्ण जोराचा असतो. पहिले अर्धे मिनिट सर्वांत कठीण, दोन-तीन मिनिटांत जोर ओसरतो. इंग्लंडातील पोर्ट्समथ विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांनी या आघाताचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांनी दाखवून दिलेली एक बाब आपल्या कामाची आहे. अंगाला थंडी लागली की हृदयाला ‘धाव’ असा आदेश मिळतो. चेहरा पाण्यात गेला आणि श्वास रोखला की ‘थांब’ असा उलटा आदेश मिळतो. डोक्यासह एकदम डुबकी मारणाऱ्याच्या हृदयाला हे दोन्ही आदेश एकाच वेळी पोचतात. तरुण, निरोगी हृदय बहुधा ते निभावून नेते. ज्यांच्या हृदयाची लय आधीच बिघडलेली आहे, त्यांच्यासाठी तो क्षण जोखमीचा असतो.

म्हणून क्रम बदलावा. घाटाच्या पायरीवर बसून आधी पावले पाण्यात सोडावीत. मग तांब्याने पोटऱ्या, हात, खांदे भिजवावेत. श्वास पुन्हा संथ होईपर्यंत थांबावे. नामस्मरण सलग, न अडखळता करता आले की श्वास स्थिरावला असे समजावे. मस्तकावर पाणी सर्वांत शेवटी, आणि तेही ओंजळीने. ज्यांना हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा पूर्वी अर्धांगवायूचा झटका आहे, त्यांनी पायरीवर बसून तांब्यानेच स्नान करावे आणि तेही वैद्यांस विचारूनच. पहाटेच्या काळोखाऐवजी ऊन घाटावर पोचल्यानंतरची वेळ धरली तर पुण्य कमी होते असे ऐकिवात नाही, शेवाळलेली पायरी मात्र दिसते.

उपवासाच्या दिवशी रक्तदाबाची गोळी ‘आज पाणीसुद्धा नाही’ म्हणून चुकवली जाते, आणि मधुमेहाची गोळी मात्र रिकाम्या पोटी घेतली जाते. दोन्ही घातक आहेत. आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडून त्या दिवसाचे वेळापत्रक लिहून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. थंड देशांत बर्फाने झाकलेल्या नद्यांत आणि तलावांत, पाठीवर हवेची टाकी बांधून उतरणारे पाणबुडे असतात. त्यांच्या अंगात पाणी आत न शिरणारा पोशाख असतो, आणि अतिथंडीत श्वासाच्या नळीवरची झडप गोठून बिघडू शकते म्हणून पर्यायी व्यवस्थाही असते. एवढे असूनही बर्फाखाली जाणाऱ्याच्या अंगाला दोरी बांधलेली असते आणि तिचे दुसरे टोक काठावरच्या माणसाच्या हाती असते. तो माणूस त्या वेळी स्वतः पाण्यात उतरत नाही. दोरीकडे लक्ष ठेवणे एवढेच त्याचे काम. आपल्याकडे काय घडते? जीप भरून कुटुंब घाटावर जाते, पर्वकाळ साधायचा म्हणून सारे एकदम पाण्यात उतरतात, आणि काठावर राहतात ते कपड्यांचे गाठोडे आणि मोबाइल. आजोबांचा तोल गेला तर पाहणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी असते.

एकाने कोरडे राहावे. त्याचे स्नान नंतर होईल. त्याच्याजवळ लांब दोर असावा, आणि दोराला झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधलेला असावा. घरातला पाण्याचा कॅनही चालतो, तो उत्तम तरंगतो. कोणी खोल पाण्यात गेले तर मागोमाग उडी घेऊ नये. त्या क्षणी तोच थंडीचा आघात वाचवणाऱ्यालाही बसतो, आणि गोदेच्या पाणवेलींत पाय अडकला तर एकाचे दोन होतात. कॅन फेकावा, काठी किंवा लुगडे पुढे करावे, स्वतः पायरीवर आडवे पडून ओढावे.

बाहेर आल्यावर धोका संपतो, असा आपला समज असतो. पाण्यात असताना पाण्याचा दाब पायांतील रक्त वर ढकलीत असतो. उभे राहून बाहेर येताच तो आधार जातो, रक्तदाब घसरतो आणि घेरी येते. कित्येकदा माणूस डुबकीत नव्हे, वरच्या पायरीवर पडतो. हाताला धरून बाहेर आणावे, लगेच बसवावे. ओले वस्त्र अंगावर ठेवून प्रदक्षिणा नको. आधी कोरडे वस्त्र, कानटोपी, घोंगडी, मग देवदर्शन. शरीरातील ऊब बाहेर आल्यानंतरही काही काळ उतरत राहते. वार्धक्यात स्नायू कमी झालेले असल्याने कापरेही पुरेसे भरत नाही, त्यामुळे ‘आजी कापत नाहीत, म्हणजे त्यांना थंडी नाही’ हा निष्कर्ष काढू नये. जीभ जड होणे, गुंड्या लावता न येणे, चाल अडखळणे, उगाच चिडणे किंवा गप्प होणे ही खरी लक्षणे. कापणारा माणूस कापायचा थांबला आणि सुस्तावला, तर १०८ ला फोन करावा.

तोपर्यंत ओले कपडे काढून डोके, छाती आणि पोट झाकावे. हातपाय चोळू नयेत, शेकोटीजवळ ओढत नेऊ नये, कढत पाण्याने आंघोळ घालू नये. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची जाणीव गेली आहे त्यांना गरम पिशवीने भाजल्याचेही कळत नाही. पूर्ण शुद्धीत असल्यास गोड चहा द्यावा. चमचाभर ब्रँडीचा सल्ला देणारे काका प्रत्येक घाटावर असतात. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या सैल होऊन उरलीसुरली ऊब बाहेर पडते. काकांना नम्रपणे दूर ठेवावे.

थंड पाण्यात गेलेले माणूस बऱ्याच वेळानेही वाचते, असे आपण ऐकले असेल. ते खरे आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. नॉर्वेत नार्विकजवळ २० मे १९९९ रोजी आना बोगेनहोम ही तरुण स्वीडिश डॉक्टर स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. बाहेर काढेपर्यंत ८० मिनिटे गेली होती. तिच्या शरीराचे तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, तरी ट्रोम्सोच्या रुग्णालयात ती वाचली. पण बर्फाखाली तिला काही काळ श्वासापुरती हवेची पोकळी मिळाली होती, आणि गोठणबिंदूजवळच्या त्या पाण्याने प्राणवायू संपण्यापूर्वीच मेंदू थंड केला होता. गोदावरी किंवा कादवेचे पाणी मेंदूला असे संरक्षण देण्याइतके थंड नसते. येथे हिशोब मिनिटांचा आहे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पालथे घालून पोट दाबण्यात वेळ दवडू नये. उताणे निजवून, हनुवटी उचलून तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी दाब सुरू करावा: तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही; घरातील एका तरुणाने प्रशिक्षण घ्यावे.

जे नदीवर जात नाहीत त्यांच्याही न्हाणीघरात हीच थंडी येते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर निवते. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी त्या मानाने कोमट असते. निफाडचा द्राक्षबागायतदार हे पक्के जाणतो. कडाक्याच्या पहाटे मणी तडकू नयेत म्हणून तो बागेत शेकोट्या पेटवतो आणि ठिबकमधून विहिरीचे पाणी सोडतो. वीज गेली, गीझर बंद आहे, तर वडिलांच्या बादलीसाठीही तेच पाणी काढावे. न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नये. आणि घरात जुनी पाऱ्याची तापमापी असेल तर एकदा तिचे आकडे पाहावेत. बहुतेक तापमाप्या ९४-९५ फॅरेनहाइटपासून सुरू होतात, म्हणजे जेथे थंडीचा खरा धोका सुरू होतो तेथेच त्यांची मोजणी संपते. पारा तळाशीच राहिला आणि पोटाला हात लावून ते गार लागले, तर ‘ताप नाही’ असे म्हणून थांबू नये.